लांब बाह्यांचे शर्ट

सुहास,

उद्या तुझा दहावा. आज दुपारी जेवून उठता उठता तात्यांनी मला सांगून ठेवलं, नीरेवर कावळा शिवला नाही तर ताटकळत बसायचं नाही. मी पुढं व्हायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, हक्कसोडीवर सही करते, तुझ्या जिवाला घोर नको. उन्हात उभ्या राहणाऱ्या भावकीची सोय त्यांनी आधीच बघून ठेवली आहे. माणूस गेला की त्याच्या मनात काय राहिलं असेल, हे आपल्या या चुलत्याला सगळ्यांच्या आधी कळतं. वडिलांच्या वेळीही कळलं होतं, आणि तेव्हापासून जमीन तेच कसतात.

मी ताट उचलून मोरीत ठेवलं आणि मागच्या खोलीत येऊन बसले. बाहेर कुणी फारसं बोलत नाही, पण मी गेले की बोलणं थांबतं आणि वळले की सुरू होतं. काय बोलतात ते मला माहीत आहे. तुलाही माहीत होतं, हे मात्र मला परवा कळलं. म्हणून उद्याच्या गर्दीआधी तुझ्याशी आजच बोलून घेते.

आपला वाद आपण अर्धाच टाकून दिला होता, तो पहिल्यापासून धरते. वडिलांच्या वर्षश्राद्धाला तू केनियातून रजा घेऊन आलास आणि जेवणं आटोपल्यावर हळूच म्हणालास, अक्का, तेवढं हक्कसोडीचं उरकून घेऊ. आपल्याकडं बहिणीनं वडिलांच्या जमिनीतला वाटा भावाला लिहून द्यायचा, साडीचोळी घ्यायची आणि डोळे पुसत सासरी जायचं. न देणारी बहीण वाईट. मी म्हणाले, नाही देणार. तुला वाटलं मी चेष्टा करतेय. मग तुला वाटलं माझ्या नवऱ्याचं डोकं असेल. माझा नवरा इंदापुरात ट्रॅक्टर दुरुस्त करतो, त्याला आपल्या उसाचं काही पडलेलं नाही. मला एवढंच हवं होतं की सातबाऱ्यावर माझं नाव असावं, म्हणजे या घरात येताना मी कुणाची पाहुणी नसेन. हे मी तुला तेव्हा नीट सांगितलं नाही. भांडताना नीट कोण सांगतं? तू केनियातून फोन करायचास, पाऊसपाणी विचारायचास, आणि फोन ठेवायच्या आधी एकदा तरी सहीवर यायचास. मीही एकदा तरी फोन आपटायचे.

मग एका सकाळी तुझा फोन आला आणि त्यात सही नव्हती. हिरड्यांतून रक्त येतंय, अंगावर काळेनिळे डाग आहेत, तपासण्या झाल्या, रक्ताचा कॅन्सर निघाला. इथल्या कारखान्यात पॅनवर, म्हणजे जिथं रस आटून साखरेचा दाणा धरतो तिथं, तू हात बसवलास आणि त्या जोरावर आफ्रिकेतल्या साखर कारखान्यात साहेब झालास. तुझ्या आवाजावरून पाक कच्चा की पक्का ते मजुरांना कळायचं म्हणे. त्या दिवशी फोनवर तो आवाज ओळखू येत नव्हता.

बोनमॅरो बदलावा लागेल, आणि तिथं ते होणार नव्हतं. ज्या श्रीमंत देशांत होतं तिथला खर्च ऐकून तुझ्या वैशालीनं फोनच बंद करून ठेवला. शेवटी तिथल्याच डॉक्टरांनी सल्ला दिला की आमच्याकडची माणसं यासाठी इंडियाला जातात, तुम्हीही जा, तिथं परवडतं. त्या अवस्थेतही तू हसत होतास.

"परदेशी जा म्हणला उपचाराला. अन् परदेश कुठला, तर पुणं."

पुण्याच्या त्या रुग्णालयात कागद आफ्रिकेचे बघून नोंदणीवरच्या बाईंनी तुला परदेशी पेशंटांच्या खिडकीकडं पाठवलं. तूही गेलास मुकाट. इंदापूर तालुक्यातला माणूस, मागं पासपोर्ट हातात धरलेल्या लोकांची रांग. तिथंच ती टांझानियाची बाई भेटली. तिच्या मुलीचं रक्त खराब होतं आणि थोरला मुलगा बहिणीला मॅरो देणार होता. समुद्र ओलांडून आलेल्या त्या बाईला इथं कुणाशी बोलता येत नव्हतं, आणि अचानक मास्क लावलेला एक मराठी माणूस तिच्याशी स्वाहिलीत बोलायला लागला. तिला रडू आलं. तू माझ्याकडं बोट दाखवून तिला काहीतरी बराच वेळ सांगितलंस. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि आपल्या कपाळाला लावले. काय सांगितलंस म्हणून मी विचारलं, तर म्हणालास, सांगतो नंतर. ते राहिलं.

सख्ख्या भावंडांचंही जुळेल असं नसतं. आपलं पूर्ण जुळलं. दिवाळीच्या तोंडावर निकाल आला तेव्हा तू दोन दिवसांसाठी घरी आला होतास. आई देवापुढं बसून होती, भावकी ओसरीवर जमली होती. तात्या सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर न करता जे म्हटलं ते तेव्हा मला नुसतं झोंबलं. आता त्याची भीती वाटते.

"देतीय ती, ब्येस हाय. पन मनात किंतू ठिवून दिल्यालं अंगी लागत न्हाय. आदी सही कर, मंग रगत दे."

मी उभी राहिले. सगळ्यांच्या समोर म्हणाले की रक्त देते, सही देत नाही, आणि ज्याला जो अर्थ लावायचा तो लावा. मॅरो मागितलास तर माझा हात पुढं आहे, सही मागितलीस तर मागं आहे, आणि दोन्ही हात माझेच आहेत. शाळेत पोरांना दटावते त्याच आवाजात बोलले. तू मास्क लावून कोपऱ्यात खाली मान घालून बसला होतास. मला वाटलं माझा राग आला तुला. तू तात्यांचं वाक्य मनात घेऊन बसला होतास, हे कळायला मला तुझ्या मरणापर्यंत थांबावं लागलं.

भाऊबीजेला रुग्णालयातल्या तुझ्या खोलीत निरांजन नेऊ दिलं नाही, कुंकू नको, फुलं नकोत. मी काचेबाहेरून रिकामा हात ओवाळला. नंतरच्या आठवड्यात मला इंजेक्शनं दिली, हाडं अशी ठणकायची की पाठीवर झोपता येईना. मग मशीनवर बसवलं. एका हातातून रक्त निघायचं, मशीनमधून फिरून दुसऱ्या हातात परत यायचं. संध्याकाळी पिशवी बघितली आणि मी खट्टूच झाले. टोमॅटोच्या सारासारखं काहीतरी, वाटीभर. मी नर्सला विचारलं, एवढंच? आणखी घ्या की.

त्या आधी डॉक्टरांनी मला आणि वैशालीला बसवून समजावलं होतं. नव्या पेशी बहिणीच्या, त्या भावाच्या अंगात राहायला जाणार. बहुतेक वेळा रुळतात. कधी कधी त्यांना ते अंग परकं वाटतं आणि मग त्या घरावरच उठतात. कातडी, तोंड, पोट, लिव्हर. अंगावर पुरळ दिसलं की एक दिवससुद्धा थांबायचं नाही, तिथंच औषधानं आवरता येतं. मी मनात म्हणाले, माहेरी चार दिवस राहून घरावर उठलेल्या बहिणी मी पुष्कळ पाहिल्यात. पण मी त्यातली नाही. मला तेव्हा याची खात्री होती.

आणि किती छान चाललं होतं रे सगळं. माझं रक्त तुझ्यात धरलं. पांढऱ्या पेशी वाढल्याचा आकडा आला की वैशाली मला शाळेत फोन करायची आणि मी वर्गाला आधी सुट्टी द्यायचे, मग रडायचे. तुझा रक्तगट बदलून माझा झाला. रुग्णालयाजवळच्या भाड्याच्या खोलीत भेटायला आले तेव्हा तुला टक्कल होतं, गाल सुटले होते आणि डोळ्यांत जुना खोडसाळपणा परत आला होता.

"अक्का, आता तपासलं तर माजं रक्त बाईचं निघंल म्हणत्यात. मंग हक्कसोड मीच करून द्याया पायजे की."

मी हसून हसून बेजार झाले. तूही हसलास, पण हसून झाल्यावर माझ्याकडं बघत राहिलास. त्या बघण्यात माफी होती, की पुन्हा सहीच होती, ते मला ठरवता आलं नाही. विचारावं असं वाटलं. मी तुला पाणी दिलं आणि बसची वेळ झाली म्हणून निघाले.

चैत्रात तुम्ही घरी आलात. हंगाम संपला होता, कारखान्याची चिमणी बंद होती, अंगणातल्या कपड्यांवर काजळी पडायची थांबली होती. आई म्हणाली, माझं पोर निभावलं. डॉक्टरांनी गोळ्या कमी करत आणल्या होत्या. रविवारी मी आले तेव्हा तू ओट्यावर बसला होतास. मनगटापर्यंत बटणं लावलेला लांब बाह्यांचा शर्ट, गळ्याचंही बटण लावलेलं. पंख्याखाली बसवत नव्हतं अशा उन्हात. मी म्हणाले, साहेबपण अंगात जिरलंय वाटतं. तू हसलास आणि उजवी बाही आणखी खाली ओढलीस.

पुढच्या रविवारी तोच प्रकार. शेंगदाण्याची चटणी आणली होती, तुझ्या आवडीची, लसूण जास्त घातलेली. तू बोटालाही लावली नाहीस. तोंड आलंय गोळ्यांनी, म्हणालास. वैशाली मोठ्या पातेल्यात कडुलिंबाचा पाला उकळत होती. कशाला विचारलं तर म्हणाली, उन्हाळा आहे ना. तुझ्या अंघोळीच्या वेळी दार आतून लावलेलं असायचं आणि फार वेळ पाण्याचा आवाज यायचा नाही. त्या आठवड्यात पुण्याला तपासणीला जायचं होतं, ऊन फार आहे म्हणून तू ती फोनवरच उरकलीस. अंगावर काही आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी शेजारच्या खोलीत पोळ्या लाटत होते. तू म्हणालास, नाही सर, एकदम क्लिअर. मला बरं वाटलं. मी पुढची पोळी लाटली.

मग ती सकाळ. वैशालीच्या फोनवर मी धावत आले तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि तुला उठवत नव्हतं. रात्रभर जुलाब चालले होते. भाड्याच्या गाडीत पुढं मी, मागं तुझं डोकं वैशालीच्या मांडीवर. डाळजपाशी हायवेला लागलो तोवर तू एकदाच बोललास, गाडी सावकाश घ्या म्हणालास. पुण्यात डॉक्टरांनी तुझ्या बाहीची बटणं काढली. मी दारात होते. मनगटापासून खांद्यापर्यंत कातडी लाल, कुठं काळी पडलेली, कुठं सुटलेली. त्यांनी विचारलं, हे कधीपासून? तू छताकडं बघायला लागलास.

बाहेर येऊन डॉक्टर माझ्याशी हळू आवाजात बोलले. दात्याच्या पेशी उठल्या आहेत, आता लिव्हर आणि आतडी धरली आहेत. आधी आला असता तर औषधं होती. दाता म्हणजे मी. ते मला दोष देत नव्हते. आत आले तर तू माझ्याकडं बघितलंस, ओठ फुटलेले, आणि म्हणालास,

"अक्का, घामुळं हाय गं."

त्यानंतर जंतुसंसर्ग झाला, नळी घातली, बोलणं संपलं. तू माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य धादांत खोटं होतं.

मला इतका राग आला होता तुझा. साहेब म्हणवतोस, शिकलेला, पाकाचा रंग जरा बदलला तर अख्खा पॅन थांबवणारा माणूस, आणि स्वतःच्या कातडीवर शर्ट चढवून बसलास? तुझ्या चितेपाशी मी रडले नाही, हे भावकीनं पाहिलं आणि त्याचाही अर्थ लावला. खरं सांगू का, लाकडं पेटली तेव्हा माझ्या मनात एकच चाललं होतं, की यात जळतंय ते रक्त माझं आहे. जिवंतपणी स्वतःचं रक्त चितेवर पाहिलेली या तालुक्यात मी एकटीच असेन. आणि त्यापाठोपाठ आलं, याच रक्तानं हा मेला.

परवा वैशालीनं तुझे कपडे काढले. घरातल्यांना नको म्हणून ती मागच्या खोलीत माझ्याजवळ घेऊन आली. लांब बाह्यांचे शर्ट, अस्तनीच्या आतून पिवळे डाग, धुवूनही न गेलेले. मी विचारलं, तुला माहीत होतं? ती खाली बसली आणि सांगायला लागली. पहिलं पुरळ कोपराशी आलं तेव्हाच तिनं पाहिलं. ती पुण्याला निघायचं म्हणत होती. तू तिला मुलीची शपथ घातलीस. आठ दिवस थांबू, मलम लावू, आपोआप जाईल, म्हणालास. ती म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय. तेव्हा तू तिला जे म्हणालास, ते तिनं मला तुझ्याच शब्दांत सांगितलं.

"कळलं की तात्या म्हणणार, अक्कानं मनात किंतू ठिवून दिलं. आयुष्यभर बोलत्याल तिला. तिला ह्या घरात पाय ठिवू द्यायचे न्हाईत."

वैशाली मग पुष्कळ रडली. तिचं म्हणणं, मी शपथ मोडायला हवी होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला तिच्यावर रागावता आलं नाही, आणि तुझ्यावरचा राग कुठं ठेवावा तेही कळेना.

म्हणजे तुला कळत होतं. सातबाऱ्यावर माझं नाव मला कशाला हवंय, ते मी कधी नीट सांगितलं नव्हतं, तरी तुला कळलं होतं. मला या घरात पाहुणी व्हायचं नव्हतं, आणि तू मला पाहुणी होऊ देणार नव्हतास. त्यासाठी तू सही मागायची सोडून दिलीस आणि कातडी झाकायला लागलास. अरे वेड्या, मला कुणी बोललं असतं तर काय झालं असतं? मी काय तात्यांच्या बोलण्यानं मरणार होते? आयुष्यभर बोलले असते तर आयुष्यभर ऐकलं असतं, उलट दोन ठेवून दिले असते. तू बसला असतास ना ओट्यावर ऐकत. मला असा वाचवायला तुला कुणी सांगितलं होतं?

आणि तरीही, सुहास, मी तुझी ऋणी आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण आहे. मला वाटत होतं की सहीवरून तू मनातून मला तोडलंस. तू मला तोडलं नव्हतंस. त्या टांझानियाच्या बाईनं माझे हात कपाळाला का लावले असतील, तेही आता थोडंसं कळतं. तू तिला काय सांगितलंस ते मी आता वैशालीलाही विचारणार नाही. ते तुझं आणि त्या बाईचं राहू दे.

भीती एकाच गोष्टीची आहे. तू जे झाकायला निघालास ते झाकलं गेलं नाहीच. तात्यांनी बोलायचं ते बोलून टाकलंय, आता ते फक्त माझ्या तोंडून वदवून घ्यायचं राहिलंय. उद्या नदीवर पिंड ठेवतील, सगळे मागं सरकतील, आणि कावळा झाडावरून खाली येईनासा झाला की एकेक नजर माझ्याकडं वळेल. सही करते म्हणाले तर त्याचा अर्थ एवढाच निघेल की किंतू होता, आता काढला. पाठोपाठ कावळा शिवला, तर ते कायमचं खरं होईल. तुझ्या मुलीच्या कानावर तेच पडेल. आईसुद्धा तेच मनात घेऊन जाईल. आज जेवताना तिनं माझ्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढला आणि नंतर पुष्कळ वेळ माझ्या हातांकडं बघत बसली.

म्हणून मी सही करते असं म्हणणार नाही. ना उद्या, ना नंतर. माझं नाव तुझ्या मुलीच्या नावाशेजारी राहील, आणि तिला कधी इथं यावंसं वाटलं तर दार उघडायला इथं तिची आत्या असेल. तात्यांना वाईट बहीण हवी आहे, ती त्यांना मिळेल. तुझा एक शर्ट मी पिशवीत घालून ठेवलाय. तो मी उद्या नेणार आहे आणि अस्तनी उलटी करून सगळ्यांना दाखवणार आहे. तू जे लपवलंस ते मी उघडं करणार, याचा तुला राग येईल. येऊ दे. आपला हाही वाद अर्धाच राहील.

कावळा येवो न येवो, नदीकाठी हात न जोडता, शाळेतल्या आवाजात, भावकीला ऐकू जाईल असं मी तुला सांगणार आहे:

"सुहास, घामुळं नव्हतं ते. माझंच रक्त होतं. त्याच्यात किंतू नव्हता, आन तुझ्यातबी नव्हता. आता जा."